मिशीवाली मासेवाली

1668 साली शिवाजी महाराजांनी गोवा घ्यायचा एक बेत आखला होता. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी त्याची हकीकत दिली आहे. नाना वेष घेतलेली माणसं थोडी थोडी करून पोर्तुगीज मुलखात घुसवायची, पुरेशी जमली की एका रात्री उठून एखादी वाट ताब्यात घ्यायची आणि बाहेरच्या फौजेला आत घ्यायचं. चार-पाचशे माणसं शिरलीसुद्धा. पण व्हाइसरॉयला संशय आला. त्याने कसून झडती घेतली, सगळ्यांना पकडलं, महाराजांच्या वकिलाला बोलावून स्वतःच्या हाताने कानाखाली दोन-तीन लगावल्या आणि कैद्यांसकट हाकलून दिलं.

ही हकीकत वाचल्यावर कुणी नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला गेला असता. त्याच मोहिमेत, 13 नोव्हेंबर 1668 ला, महाराजांनी त्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. मी मात्र गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या आरोंद्याच्या घरी पडवीत गोवा मांडला.

मला बोटाएवढे सैनिक रंगवून लढाया लावायचा नाद आहे. 'ह्या वयात?' असं विचारणाऱ्याला मी एच. जी. वेल्स ऐकवतो. त्याने ह्याच खेळावर 1913 साली 'लिटल वॉर्स' लिहिलं, तेव्हा सेहेचाळिशी उलटलेली होती. 'त्याने आणखीही काही लिहिलंय ना?' असं घरातून येतं. तिकडे मी लक्ष देत नाही.

आमच्याकडे दिवाळीत नरकासुर करतात, किल्ला नाही. त्यामुळे मावळे पुण्याच्या कुंभारवाड्यातून कागदात गुंडाळून आणले. निळी लुंगी पसरली, तेरेखोलची नदी झाली. चिऱ्याच्या तुकड्यांचं ठाणं झालं. जाणकार लगेच म्हणतील की 1668 मध्ये पोर्तुगीज हद्द इथे नव्हतीच, ती खाली बार्देशात होती आणि पेडणं त्यांच्याकडे गेलं ते 1788 मध्ये. मान्य. पण समोर खरी नदी वाहत असताना शापोऱ्याची कोण मांडतो?

ह्या खेळातली खरी अडचण अशी की दोन्ही खेळाडू वरून बघतात. झाडामागे दडवलेलं घोडदळ शत्रूला चहा पितापिता दिसतं. 1824 मध्ये राइस्विट्झ नावाच्या प्रशियन लेफ्टनंटाने ह्यावर तोड काढली: मध्ये पंच बसवायचा, आणि खऱ्या रणांगणावर जेवढं दिसलं असतं तेवढंच त्याने प्रत्येकाला दाखवायचं. आमच्या पडवीत पंच म्हणून काकी बसली, कारण तिला तिथेच बसून नारळ खवायचा होता.

माझी युक्ती वेगळी होती. दडवायचं काहीच नाही, सगळं उघड्यावर. साधी रयत आणि वेषांतर केलेले मावळे एकत्र मिसळायचे. मावळ्याच्या तळाला शाईचा ठिपका. व्हाइसरॉयने प्रत्येक डावात एकाला पकडायचं, आणि निरपराध पकडला तर गुण गमवायचे. मी ब्लेडने तलवारी खरवडल्या, आगकाडीची कावड केली, पागोटी पुसली, लुगडी रंगवली. पण सगळे मावळे एकाच साच्यातले. एक पाय पुढे, एक हात वर, छाती काढलेली. लुगडं नेसवलं तरी पवित्रा तोच. काकीने एक उचलून डोळ्यांजवळ धरला.

"ही कोण रे?"

"मासेवाली."

"बायलमाणसाक मिशी खंय असता रे?"

मी घाईघाईने मिशीवर रंग फासला. त्याने ती ठळक झाली.

"तुका लपवूक येणा नाय," काकी म्हणाली. पलीकडची बाटली कोकम सरबत होऊन नाका ओलांडते, अशा गावात हा शेरा फार लागतो.

व्हाइसरॉय म्हणजे माझा भाचा, पुण्याचा, वय बारा. त्याला चकवण्यासाठी मी एक निव्वळ निष्पाप वरात ठेवली होती. त्याने पहिल्याच डावात नवरदेवासकट ती आत टाकली.

"का रे?"

"मामा, 1663 नंतर कोण वरातीवर विश्वास ठेवतो?"

मराठी पोराशी गनिमी कावा खेळण्यात हीच पंचाईत आहे. लाल महाल, शिवा काशीद, सगळं चौथीतच पाठ झालेलं असतं. मग त्याने पालखी अडवली. तीही रिकामी. त्याचे गुण जात होते, मला आतून उकळ्या फुटत होत्या. मिशीवाली मासेवाली ठाण्यापासून वीतभर राहिली होती.

तेवढ्यात पोराने पद्धत बदलली. तो बोट हवेत धरून पटावरून सावकाश फिरवू लागला. कुंभार, गुराखी, भटजी. मी चहाचा घोट घेतला. बोट थोडं मागे गेलं. मी कप खाली ठेवला. बोट पुन्हा भटजीवर आलं. मी पुन्हा कप उचलला. तेव्हा लक्षात आलं की व्हाइसरॉय पटाकडे बघतच नाहीये.

"मामा, कप कधीचा रिकामा आहे."

त्याने भटजी उलटा केला. ठिपका. मग कावडवाला, तेली, मासेवाली. आता एकही निरपराध पकडला नाही. माझा घसा कोरडा आणि सैन्य लुंगीच्या पलीकडे आडवं.

मी आवरायला घेतलं तर त्याने नियमांचा कागद पुढे केला. ऐतिहासिक अचूकतेच्या हौसेपायी शेवटचं कलम मीच घातलं होतं: कट उघडकीस आल्यास व्हाइसरॉय वकिलास स्वहस्ते शासन करील. वकील कोण, हेही माझ्याच अक्षरात होतं. एव्हाना खळ्यात शेजारची माणसं जमली होती.

"दोन की तीन?" भाच्याने विचारलं.

मी म्हटलं, साधनांत संदिग्धता असेल तिथे अभ्यासकाने कमीत कमी आकडा धरावा.

काकीने खवणीवरून मान वर केली. "तीन," ती म्हणाली. "मार रे झिला. लिवलेला हा मां?"

पंचाचा निर्णय अंतिम राहील, हे कलम दुसरं.