आजोबांचा चष्मा, प्रत क्रमांक १

उट्रेख्त,
रविवार, संध्याकाळ

ती. बाबा आणि ती. आईस,


इकडे सगळे मजेत. पाऊस आहे, म्हणजे हवामानाचं सांगून झालं. रोज फोनवर बोलतो तरी हे पत्र मुद्दाम हाताने लिहितेय. हा विषय फोनवर काढला असता तर बाबांची रेंज लगेच गेली असती. तेव्हा बाबा, खुर्चीत बसा आणि चष्मा लावून वाचा. सापडला असेल तर.

तुम्ही दोघं पुस्तकात आला आहात.

इथे दर ऑक्टोबरात देशभर मुलांच्या पुस्तकांचा आठवडा असतो. दुकानं, लायब्रऱ्या, शाळा सगळीकडे तेच. यंदा आमच्या बाईसाहेबांच्या, म्हणजे तुमच्या नातीच्या, वर्गात फर्मान निघालं: प्रत्येकाने आपल्या सुट्टीच्या गावावर गोष्टीचं पुस्तक करायचं. गोष्ट आपली, चित्रं हाताने काढलेली, पानं हाताने शिवलेली, वर पुठ्ठा. कॉम्प्युटर नाही, प्रिंटआउट नाही. खाली ठळक अक्षरांत: पालकांनी फक्त कात्री वापरताना लक्ष ठेवावं. ही ओळ मराठी पालकांना दिसत नाही. तुमच्या जावयांनी त्याच रात्री एक्सेल उघडलं.

वर्गातल्या बाकीच्यांची गावं म्हणजे फ्रान्समधले तंबू आणि समुद्रकिनारे. आमच्या कन्यारत्नाने खांदा कॉलनी जाहीर केली. गोष्टही तयारच होती. आजोबांचा चष्मा हरवतो आणि आजोबा तो शोधत अख्खी कॉलनी पालथी घालतात. खांदेश्वरचं देऊळ, तळं, स्टेशन, भाजीवाला, रिक्षा स्टँड, सगळीकडे जातात.

मला वाटलं, परदेशी वर्गासमोर जाणार, जरा बरं दिसावं. मी सुचवलं, दारात तुळशीवृंदावन काढ, आजीला नऊवारी नेसव, नाकात नथ घाल. तिने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला तुझीच आठवण झाली, आई. म्हणाली, "आजी अशी नसतेच." आणि तिने तुला काढलं: फुलाफुलांचा गाऊन, त्यावर ओढणी, हातात पिशवी. भाजीवाल्याची हाक आली की खाली उतरतेस तशी. ओढणीचं एक टोक लांब आहे तेही काढलंय. मागे खिडकीची ग्रिल, ग्रिलला लटकलेला पायपुसणीचा चिमटा, दाराबाहेर चपलांचा स्टँड, गच्चीवर काळी टाकी. तुळस आहे, पण ती एसीच्या बाहेरच्या डब्यावर ठेवलेल्या रंगाच्या डब्यात. आई, तुळस खरंच तिथेच आहे ना? मी तिथे पंचवीस वर्षं राहिले, मला आठवेना. तिने जुलैच्या सुट्टीत बघून ठेवलं.

म्हणजे सगळंच बरोबर आहे असं नाही. कॉलनीतल्या गाई काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या आहेत, थेट इथल्या कुरणातल्या. आजोबा सायकलवर हात सोडून चाललेत. रस्त्याच्या कडेने कालवा काढलाय. मी म्हटलं, अगं, खांदा कॉलनीत कालवा नाही. म्हणाली, "जुलैत होता." यावर काय बोलणार? तळं आहे ते कॉलनीपेक्षा मोठं, त्यात देवळाचं प्रतिबिंब, आणि आकाशात विमान. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तू फोनवर दर चार वाक्यांनी "थांब, विमान गेलं" म्हणतेस, त्याचा हा परिणाम.

बाबा, तुमचं चित्र बघून रागावू नका. प्रत्येक पानावर तुम्ही समोर बघताय. स्टेशनकडे चालत जाताना पाय डावीकडे आणि तोंड आमच्याकडे. याचं अर्धं खापर डिक ब्रुना या गृहस्थांवर. ते याच गावचे. १९५५ साली त्यांनी नेइन्चे नावाचा ससा काढला, जगभर त्याला मिफी म्हणतात, आणि या गावात त्या सशाचं वेगळं संग्रहालय आहे, एवढंच काय, रस्त्याच्या सिग्नलमध्येही तोच ससा लाल-हिरवा होतो. तो ससा कायम वाचणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो. पाठ करून उभा राहत नाही, बाजूला बघत नाही. उरलेलं अर्धं खापर तुमच्यावर. तुम्ही व्हिडिओ कॉलला फोन हनुवटीच्या खाली धरता. त्यामुळे पुस्तकभर आजोबांच्या नाकपुड्या फार मन लावून काढल्या आहेत आणि कपाळ पानाच्या वर निघून गेलंय.

ब्रुनांची पद्धत मात्र तिने बरोबर उचलली. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या संग्रहालयात त्यांची काम करायची खोली जशीच्या तशी आणून मांडली आहे, तिथे शाळेने नेलं होतं. ते ब्रशने काळी रेघ काढायचे, ती पारदर्शक कागदावर घ्यायचे आणि खाली रंगीत कागदाचे तुकडे कापून सरकवून बघायचे. रंग मोजकेच: लाल, पिवळा, निळा, हिरवा; तपकिरी आणि राखाडी नंतर आले. एका पुस्तकात बारा चित्रं आणि प्रत्येक चित्रासमोर चार ओळी, बस्स. आमच्या घरी मग घोटीव कागदाचा कचरा सुरू झाला. राखाडी सगळा कागद आपल्या बिल्डिंगला गेला. पिवळा रिक्षांच्या टपाला संपला.

मी एकदा परंपरेची बाजू लढवून पाहिली. आठवतंय, मालवणला जाताना कुडाळजवळ पिंगुळीला थांबलो होतो? ज्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, त्या परशुराम गंगावणे यांचं कला आंगण. ठाकर लोकांची चित्रकथी: कागदावर रामायण-महाभारताचे प्रसंग, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सगळी पानं सुटी, त्या गड्डीला पोथी म्हणायचं, आणि एकेक पान समोर धरून गोष्ट गाऊन सांगायची. माझा हेतू शुद्ध होता: पोथी केली की शिवायची कटकट नाही. तिने फोटो नीट पाहिले. मग विचारलं, "हे सगळे बाजूला का बघतायत? ऐकणाऱ्याकडे कोण बघणार?" मी म्हटलं, गाणारा. "मग आजोबांना इथे बोलवावं लागेल." पोथी बाद झाली. बाबांच्या गाण्याचा विचार करता शाळा वाचली.

जावयांचं एक्सेल इथे कामाला आलं, हे मान्य केलं पाहिजे. गोष्ट चौदा पानांची झाली होती. कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात, त्यामुळे शिवलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच येतात. छापखान्यात मोठा ताव दुमडत जातात, म्हणून जगभरची मुलांची चित्रपुस्तकं बहुतेक बत्तीस पानांची असतात, हे ज्ञान जावयांनी जेवताना दिलं. पोळी गार झाली. मुद्दा असा की आम्हाला सोळा पानं हवी होती आणि दोन कोरी राहत होती. जावई म्हणाले, गोष्ट वाढव. मी म्हटलं, नक्षी काढ. तिने आई, तू पाठवलेला गेल्या वर्षीचा दिवाळी अंक आणला, चाळला, आणि दोन्ही पानांवर जाहिराती टाकल्या. एक तुझ्या चकलीची. दुसरी बाबांच्या योगासनांच्या वर्गाची, जो अस्तित्वात नाही.

आता शिवण. बाबा, इथे तुमची फार आठवण आली. मे महिन्यात तुम्ही आमच्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून, दाभणाने भोकं पाडून, नव्या वह्या शिवायचात. एकरेघी, दुरेघी, चौकटीची, सगळी पानं एकाच वहीत. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा निबंध मी गणिताच्या चौकटीत लिहिलाय. तेव्हा लाज वाटायची. आता कळलं की तुमचं ते काम इथे लोक पैसे भरून वर्गाला जाऊन शिकतात.

दाभण इथे कुठून आणायचं? शेजारचे आजोबा शिडाची होडी बाळगतात. शीड शिवायची सुई त्यांच्याकडे निघाली, जाडजूड, टोकाला तिकोनी; दाभणाची सख्खी बहीण. त्यांनी ती मंगळवारी सात वाजता दिली आणि गुरुवारी सात वाजता परत मागितली. सातला पाच कमी असताना दारात उभे. दोऱ्याला मेणबत्तीवर घासून मेण लावलं, म्हणजे दोरा पिळत नाही. घडीवर तीन भोकं. आतून मधल्या भोकातून सुई बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब दोऱ्याच्या अल्याड-पल्याड आली की गाठ. बाईसाहेबांनी स्वतः शिवलं. गाठ मारताना तोंडातून जीभ बाहेर, अगदी तुमच्यासारखी.

पुठ्ठ्याला खळ. आई, तू फोनवर सांगितलीस तशीच केली: मैदा गार पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. बाबा मागून ओरडले, "चिमूटभर मोरचूद घाला, कसर लागत नाही." बाबा, मुलांच्या पुस्तकात विष घालायचं नसतं. शिवाय या देशात मी मोरचूद शोधत फिरले असते तर हे पत्र वेगळ्या पत्त्यावरून आलं असतं.

आणि पुठ्ठ्यावरचं कापड. हे ऐका. कापड आणायला जावई निघाले होते, तेवढ्यात तिने माळ्यावरून ते फडकं काढलं, ज्यात तू जुलैत लोणच्याची बरणी गुंडाळून दिली होतीस. बाबांच्या जुन्या धोतराचं, काठासकट. धुतलं, इस्त्री केली, खळ लावून ओढून बसवलं. काठ बरोबर कण्यावर आला. इतकं देखणं दिसतंय की जावयांनी तीनदा फोटो काढले. फक्त वास जात नाही. पुस्तक उघडलं की आधी हिंग येतो, मग मोहरी, मग गोष्ट.

पुस्तकं कशी असू शकतात हे दाखवायला जावयांनी चेन्नईच्या तारा बुक्सचं एक पुस्तक मागवलं होतं: काळ्या हातकागदावर स्क्रीन प्रिंट केलेली झाडं, भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांची, २००६ सालचं. अप्रतिम आहे, पुढच्या वेळी घेऊन येते. कन्येने त्यातून एकच गोष्ट उचलली. तिथे प्रत्येक प्रतीवर हाताने नंबर घातलाय. तिनेही शेवटच्या पानावर लिहिलं: प्रत क्रमांक १. एकूण प्रती १.

बुधवारी वर्गात वाचन झालं. पालकांना बोलावलं होतं. पुस्तक हातोहात फिरलं, प्रत्येक मुलाने आधी हुंगलं. वर्गाच्या बाईंनीही हुंगलं आणि कागद कशाचा आहे असं विचारलं. काळ्यापांढऱ्या गाईंवर कोणाची हरकत नव्हती. गाऊनवरची ओढणी एका मुलीला फार आवडली, ती "आजीची केप" आहे असं तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. तेव्हा आई, उट्रेख्तच्या एका वर्गात तू उडू शकतेस.

मग शेवट आला. मी निवांत होते. मला वाटलं, चष्मा कपाळावर सापडणार. दुसरं कुठे सापडतो चष्मा? पान उलटलं. फ्रीज. दार उघडं. आत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, दह्याच्या भांड्याला टेकून, घडी घातलेला चष्मा. खाली लिहिलेलं: आजोबा म्हणाले, "आजीला सांगू नकोस."

वर्ग हसून लोळला. मी जावयांकडे बघितलं, जावयांनी माझ्याकडे. हे आम्हाला माहीत नव्हतं! घरी आल्यावर चौकशी केली, तेव्हा कळलं की जुलैत खरंच घडलं, आजोबांनी नातीला दहा रुपयांचं चॉकलेट देऊन गप्प केलं, आणि नातीने वचन पाळलं. आजीला सांगितलं नाही. पुस्तकात लिहिलं.

बाबा, मी काही करू शकत नाही. पुस्तक सध्या शाळेच्या काचेच्या कपाटात आहे आणि नाताळापर्यंत तिथेच राहणार.

आता कामाचं. बाबा, एक खरं दाभण पाठवा, आणि धोतराचं आणखी एक फडकं, यावेळी न वापरलेलं चालेल. आई, चकलीच्या जाहिरातीवर फोन नंबर नव्हता तरी दोन आयांनी भाव विचारला आहे. मी "दिवाळीनंतर" असं सांगितलंय, तेव्हा फराळाच्या डब्यात जरा हात सैल सोड.

दोघंही तब्येतीला जपा. बाईसाहेबांचा आणि जावयांचा नमस्कार.

तुमची,
बाळी

ता. क. मुलांनी दुसरा भाग मागितलाय. विषय ठरला: आजीचा मोबाईल. ती काल विचारत होती की आजी दुपारी दार लावून मोबाईलवर कोणती मालिका बघते, जी आजोबांबरोबर बघायची कबूल केली होती. आई, मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय द्यायचं ते लवकर कळव.