बुद्धीची भुकटी

हल्ली कॉर्पोरेट मंडळींच्या कॉफीत अळंबी पडते. पांढऱ्या दाढीसारखी लोंबणारी 'लायन्स मेन'. एकाग्रता, स्मरणशक्ती, तरतरी, सगळं एका चमच्यात! पुरावा म्हणून २००९ सालचा जपानी प्रयोग पुढे केला जातो. त्यात माणसं जेमतेम ३०, वय ५० ते ८०, आणि थोडंफार विसरायला लागलेली. निम्म्यांना रोज सुमारे ३ ग्रॅम भुकटी, १६ आठवडे. त्यांचे चाचणीतले गुण वाढले हे खरं. भुकटी बंद केल्यावर ४ आठवड्यांत घसरले, हेही खरं. पण शितावरून भाताची परीक्षा करायची म्हटल्यावर काय! आजोबांच्या निकालावर विसंबून रात्री दोनपर्यंत रील्स बघणारा धडधाकट तरुण डबा मागवतो. (झोप फुकट मिळते, म्हणून तिला कोणी विचारत नाही.)

भाताचं म्हणाल, तर काही डब्यांत तो खरोखरच असतो. बुरशीचे तंतू, म्हणजे मायसेलियम, तांदळावर किंवा ओटवर वाढवायचे आणि धान्यासकट दळून भरायचे. पिठाला सोन्याचा भाव! तसं डब्यामागे बारीक अक्षरात 'मायसेलियम' छापलेलं असतं; पण ते वाचायला एकाग्रता लागते.