कॅमेऱ्यांचे पटवारी

यवतमाळ शहर दारव्हा, आर्णी आणि धामणगाव या रस्त्यांनी जसजसे ऐसपैस पसरत गेले, तसतसा तेथील लेआउटांतून एक विशिष्ट जातीचा सेवानिवृत्त गृहस्थ आढळू लागला, ज्याचे निवृत्तिवेतन नियमित, प्रकृती ठणठणीत आणि परोपकाराची उबळ अनावर असते, आणि ज्याच्या हवाली, दुसरे कोणी घेईना म्हणून, वर्गणीतून बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा कारभार आलेला असतो. आमच्या लेआउटातील हा पुरुष महसूल खात्यातून निवृत्त झालेला पटवारी असल्यामुळे त्याने कॅमेऱ्यांचाही रीतसर कब्जा घेतला, आवक-जावकाची वही उघडली आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्राची चतुःसीमा नोंदवून टाकली.

कॅमेरे जुने, सव्वा मेगापिक्सेलचे. रात्री त्यांत चोर आणि गोऱ्हा यांत भेद करता येत नसे. दिवसा तर चौकातला कडुनिंब चक्क जांभळा दिसे. "हे झाड असं काऊन दिसून राह्यलं जी?" या पृच्छेला साहेबांनी उत्तर दिले नाही, शिडी मागवली. अवरक्त किरण अडवणारी नखाएवढी काच दिवसा संवेदकापुढे येते व अंधार पडताच बाजूला सरकते. जुन्या यंत्रात ती वाटेतच अडकली की हिरव्या पानांचा रंग असा बिघडतो. साहेबांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या, आतून 'टक्' असा आवाज आला आणि कडुनिंब पूर्ववत हिरवा झाला. त्या दिवसापासून लोक त्यांच्याकडे मिक्सर आणि इस्त्र्याही आणू लागले.

पुढे सुधारणांचा सपाटाच सुरू झाला. अवरक्त दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याचा एकच धागा रात्री पडद्यावर पांढऱ्या दोरखंडासारखा झळकून 'हालचाल आढळली' अशी वर्दी देत राहतो. म्हणून बांबूला मलमलीचे फडके बांधून दर शनिवारी स्वारी निघे. सेकंदाला पंचवीस चित्रे घेण्याची चैन त्यांनी बारांवर आणली, कारण तेवढीच तगाई कमी खातेदारांत वाटली तर प्रत्येकाच्या पदरात काही भरीव पडते, हे त्यांना कोणत्याही अभियंत्याने सांगण्याची गरज नव्हती. रात्री चालणारा माणूस भुतासारखा ओघळलेला दिसे, तेव्हा त्यांनी शटरची मुदत कमी केली. त्याने चित्र काळवंडले, तर खांबावर नऊ वॅटचा एक एलईडी दिवा लावला. माझ्या मते सर्वांत मोठी सुधारणा त्या दिव्याचीच होती, परंतु स्वस्त उपायाला आमच्याकडे मान नाही.

प्रकरण खरे चिघळले ते चित्र स्वच्छ झाल्यावर. जास्वंदीची फुले पहाटे कोण नेते हा लेआउटातील जुना तंटा होता, आणि नव्या चित्रात ती व्यक्ती परडीच्या विणीसकट ओळखू आली. ती कोण, हे साहेबांनी आजतागायत सांगितलेले नाही. त्यांनी फक्त त्या झाडावर 'प्रायव्हसी मास्क' नावाचा काळा चौकोन चढवला आणि वहीत शेरा मारला, "देवकार्यार्थ वगळले". वाच्यता मात्र व्हायची ती झालीच, आणि आपण कितपत दिसतो याची धास्ती घरोघर पसरली.

साहेबांनी तत्काळ दप्तर काढले. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिलेला निर्णय त्यांच्याजवळ कात्रणरूपाने होताच. दुसऱ्याच्या ओसरीत शिरलेली नजर म्हणजे धुरा कोरून केलेले अतिक्रमण, असे त्यांनी ठरवले. ध्वनिग्रहण बंद केले, पंधरा दिवसांपूर्वीचे चित्रण आपोआप पुसले जाईल अशी तजवीज केली आणि 'अ‍ॅडमिन' व '12345' ही परवलीची जोडी मोडीत काढली. 2016 साली 'मिराई' नामक उपद्रवी प्रणालीने असल्याच आयत्या परवलींनी जगभरचे कॅमेरे वेठीस धरून अमेरिकेतली बडी संकेतस्थळे पाडली होती, हे ते दारव्ह्याच्या नातेवाइकाची भानगड सांगावी तितक्या आपुलकीने सांगत. बनवणाऱ्याने नवे फर्मवेअर देणे सोडल्यावर असे यंत्र उघड्यावर ठेवणे गैर, म्हणून रेकॉर्डरचा इंटरनेटशी संबंधच त्यांनी तोडला. पुण्याच्या चिरंजीवांना मोबाइलवर घरचे फाटक दिसेनासे झाले. ते आता आईला फोन करतात.

आणि मग अर्ज आले. प्रत्येक अर्जदाराची मागणी दुहेरी असे: माझे फाटक काळे करावे, समोरचे मात्र ठळक राहू द्यावे. समोरच्याचाही तसाच अर्ज वहीत असल्यामुळे साहेबांनी प्रत्येक अर्जाचा पूर्वार्ध मंजूर केला व उत्तरार्ध 'हितसंबंध विरोधी' म्हणून निकाली काढला. फाटके गेली, ओसऱ्या गेल्या, वाळवणाच्या गच्च्या गेल्या, नळाजवळचा कोपराही महिला मंडळाच्या निवेदनावरून गेला. एका कॅमेऱ्याला मास्क चारच लावता येत. तेव्हा साहेबांनी ते चारही ताणून थोरले केले.

आज पडद्यावर उरला आहे रस्त्याचा एक चिंचोळा पट्टा. त्या पट्ट्यावर रोज दुपारी एक कुत्रा झोपतो आणि त्याच्या मिशांचे केस मोजून घ्यावेत इतका तो सुस्पष्ट दिसतो. त्याच्याकडून अद्याप अर्ज आलेला नाही.