न्यानी

मसाई मारातल्या पहिल्याच सकाळी आमच्या गाडीत दोन तट पडले. एकात सहा जण, दुसऱ्यात मी एकटा. सहा जणांना सिंह हवा होता. आमची हीसुद्धा त्यांच्यातच. मी मात्र समोरच्या बाभळीखाली बसलेल्या बबूनच्या टोळीकडे बोट दाखवून गाडी थांबवायला सांगत होतो.

"अहो, एवढे पैसे भरून माकडंच बघायची होती, तर आपली राहुरी काय वाईट होती?" ही म्हणाली.

प्रश्न बिनतोड होता. सफारीला जाणाऱ्यांच्या तोंडी 'बिग फाइव'चा जप असतो: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला सगळ्यात अवघड अशी ती पाच जनावरं. बबूनला तिच्यात जागा नाही. शिकाऱ्याच्या यादीत नाव नसणं हे खरं तर सुखाचंच. पण त्यामुळे पर्यटकही ढुंकून बघत नाहीत.

ड्रायव्हरला माझी दया आली असावी. गाडी थांबवून तो म्हणाला, "न्यानी." स्वाहिलीत बबूनला न्यानी म्हणतात. मला एकदम आजी आठवली. ती ज्ञानीला न्यानी म्हणायची आणि ज्ञानेश्वरांना न्यानेश्वर. आमच्या मुळा धरणाच्या 26 टीएमसी पाण्याला 'ज्ञानेश्वर सागर' म्हणतात, त्याचाही उच्चार तिने तसाच केला असता. तेव्हा ड्रायव्हरने कुणा साधुपुरुषाशी गाठ घालून द्यावी, तसा मी कॅमेरा सरसावून बसलो.

बाभळीखाली एक आई होती. तिच्या पोटाला काळ्या केसांचं, गुलाबी तोंडाचं, चार दिवसांचं वाटावं असं पिल्लू चिकटलेलं. दुसरी एक मादी हळूच जवळ आली. घशातल्या घशात काहीतरी पुटपुटली, जणू "येऊ का?" मग आईच्या पाठीमागे बसून तिचे केस विंचरू लागली. दोन मिनिटांनी तिचा एक हात पिल्लाकडे सरकला. आईने अंग वळवून घेतलं. पुन्हा पाठ, पुन्हा केस. असं बराच वेळ चाललं. शेवटी पिल्लाच्या तळपायाला एक बोट लावण्यापुरती परवानगी मिळाली. बाळ बघायला रिकाम्या हाताने जाऊ नये, बाळंतविडा न्यावा, ही रीत फक्त आपलीच, असं मी तोवर समजत होतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या बबूनचा अभ्यास करणाऱ्यांनी 2002 साली याचा हिशेबच मांडला. टोळीत पिल्लं कमी असली, की पाहुणीला आईचे केस जास्त वेळ विंचरावे लागतात. पिल्लं भरपूर झाली, की थोडक्यात भागतं. आवक घटली की भाव चढतो. वांबोरीच्या कांदा बाजारात उभं राहिलेल्या माणसाला हे निराळं समजवावं लागत नाही.

तेवढ्यात एका दांडग्या नराने भलामोठा 'आ' केला. "दमला बिचारा," मागून कुणीतरी म्हणालं. नराची ती जांभई झोपेची नसते. आपले सुळे केवढे आहेत ते तो समोरच्याला दाखवत असतो. या घराण्यात मुली जन्मभर माहेरी राहतात, आईचा मान त्यांच्याकडे येतो, आणि तोही बहुधा थोरलीआधी धाकटीकडे. मुलगे वयात आले की परक्या टोळीत जाऊन जम बसवतात. अशा नव्या सासुरवाडीत जांभया द्याव्या लागणारच.

राहुरीला परतलो. महिनाभराने आमच्या मागच्या चिंचेवर वानरांची टोळी उतरली. तिच्यातही एक नवं पिल्लू. आई पांढुरक्या अंगाची, काळ्या तोंडाची; पिल्लू मात्र काळपट अंगाचं, फिकट तोंडाचं, जणू जुन्या फिल्मची निगेटिव्ह. काळं तोंड फोटोत नुसता डाग होऊन उमटतं, म्हणून उजेड थोडा वाढवून घेतला आणि थांबलो. एक मावशी आली आणि तिने पिल्लू सरळ उचलून घेतलं. मग दुसरीने, मग तिसरीने. पिल्लू चिरकत होतं. आई दोन फांद्या पलीकडे निवांत चिंचेचा पाला खात होती. मारातली आई बोटभर स्पर्शाला मोल मागत होती. इथे वाड्यातल्या बायकांनी ओटीवर आणलेलं पोर हातोहात फिरवावं, तसा प्रकार.

"गुरुजी, फोटो कसले काढताय? हाकला त्यांना," शेजारच्या मळ्यातून आवाज आला. त्याचा हरभरा याच टोळीने लुटला होता, आणि त्याचा राग खरा होता. केनियात शर्ली स्ट्रम या बाईंनी 1972 पासून बबूनचा अभ्यास केला. तिथेही शेतं वाढली, बबून मक्यात शिरू लागले, आणि 1984 साली बाईंना टोळ्याच्या टोळ्या पकडून दूर लायकिपियाच्या माळावर न्याव्या लागल्या. ज्ञान झालं म्हणून भांडण मिटत नाही.

फोटो हिला दाखवले. तिने बबूनची आई पाहिली, वानरीण पाहिली आणि म्हणाली, "ही पहिलटकरीण दिसते, आणि हिला सवय आहे." अभ्यासकांना हे पटेल की नाही, कोण जाणे, मला पटलं.

तुमच्या चिंचेवर टोळी आली, तर बिस्किटं, शेंगदाणे टाकू नका. माणसाच्या हातचं खायची चटक लागली की तीच टोळी उद्या कुणाच्या तरी हरभऱ्यात उतरते, आणि दगड तिला खावे लागतात. बाळ बघायचंच असेल तर लांब बसा, गप्प बसा आणि वाट बघा. त्यांच्यासाठी तेवढाच बाळंतविडा पुरे.