हिरवी कावीळ

पोपटाला कावीळ झाली तरी तो पिवळा पडत नाही. जुन्या रक्तातला लाल रंग मोडला की माणसाच्या शरीरात त्याचे आधी हिरवे आणि मग पिवळे द्रव्य होते. पक्ष्यांमध्ये हा प्रवास बहुतांशी हिरव्यावरच थांबतो. म्हणून यकृत बिघडल्याची बातमी येते ती विष्ठेतल्या पांढऱ्या भागाकडून. तो हिरवट दिसू लागतो. जो प्राणी आधीच नखशिखांत हिरवा, मिरचीवर ज्याचा जीव, त्याने आजारी पडतानाही दुसरा रंग निवडू नये, यात निसर्गाने जराशी थट्टाच केली आहे.

एटापल्लीत आमच्या शेजारच्या आजींकडे असा एक मिठू आहे. सागाच्या ढोलीतून पडलेले पिल्लू म्हणून नातवाने तो घरी आणला. नातू शिकायला पुण्याला गेला. मिठू राहिला, आणि नातवाच्या वाटणीचे लाडही त्याच्याकडेच आले. सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट, दुपारी शेंगदाणे, संध्याकाळी पुन्हा शेंगदाणे. पिंजऱ्यात उडायला जागा नाही, त्यामुळे ही सगळी माया चरबी होऊन यकृतात साठत गेली असावी. चोच वाजवीपेक्षा लांब वाढली. दुपारभर तो पिसे फुगवून बसू लागला, एखाद्या निवृत्त मामलेदाराने उन्हाळ्यातही शाल सोडू नये तसा.

‘त्याले काय होते, गुरुजी? खाते, पेते, शिव्या देते,’ आजी म्हणाल्या. पण पक्षी दुखणे लपवण्यात पटाईत असतात. रानात जो आजारी दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून धडधाकटपणाचे नाटक त्यांच्या रक्तातच आहे. तेव्हापासून पिंजऱ्याखाली वर्तमानपत्र अंथरून आम्ही दोघे रोज सकाळी त्यावर वाकतो. इथे शिळ्या पोचणाऱ्या वर्तमानपत्राचे इतके बारकाईने वाचन तालुक्यात दुसरे कोणी करत नसेल. हिरवट वाटले की आजी गप्प होतात, पांढरे दिसले की चहा टाकतात. एकदा त्यांनी काविळीची माळ सुचवली. दुखणे उतरेल तशी ती लांबत जाते म्हणतात. पण मिठूच्या गळ्यात आधीच एक कंठी आहे, आणि ती काही केल्या लांबत नाही.

शेंगदाण्यावर मात्र मी अडून बसलो. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. तेव्हा आळ त्यांच्या खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर आला, आणि त्या बुरशीचे विष यकृतावरच घाला घालते. आमच्याकडे पावसाळ्यात डब्यातल्या दाण्यांनाही बुरशी धरते. इंग्लंडचे ऐकून आजींनी डबा उन्हात ठेवला. एवढाच परिणाम झाला.

मग डॉक्टर. मिठूचे वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम. त्यातून रक्त काढायचे म्हणजे थेंब मोजून काढायचे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे रानातल्या जखमी-आजारी जिवांवर उपचार होतात. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. म्हणजे उपचार हवेत तर आधी कबुलीजबाब हवा. येणारे-जाणारे दाणे टाकतात म्हणून ‘पोपटास खाऊ घालू नये’ अशी पाटी ओसरीवर लावावी म्हटले, तर तीही स्वहस्ते लिहिलेली फिर्यादच.

आणि हे सारे चालले असताना गावाबाहेरच्या मोहावर रानपोपटांचे थवे उतरतात. अर्धे खातात, अर्धे खाली फेकतात, आणि किंचाळत मैलभर पलीकडच्या झाडावर जातात. ही उधळपट्टी आणि ही वणवण, एवढेच त्यांचे पथ्य. त्यांचा आवाज आला की मिठू मान तिरकी करून ऐकतो आणि उत्तरादाखल आजींच्या आवाजात नातवाला हाक मारतो. थवा अर्थातच थांबत नाही. एरवी आजींच्या प्रेमाबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही, पण अशा वेळी कायद्याचे म्हणणे मला पटते.

आजींनाही ते पटले असावे. परवा त्या आपण होऊन म्हणाल्या, ‘फारेस्टवाल्यायकडे देऊन टाकू. दवा तरी भेटन.’ नुसता सोडून दिला तर तो आता जगणार नाही, हे त्यांना मी सांगण्याआधीच माहीत होते. अट एकच. सोबत चिठ्ठी द्यायची, तो काय खातो, कधी झोपतो, कशाला भितो. चिठ्ठी लिहायला मी बसलो.

‘तीन दाणे लिहा, गुरुजी. सालटं काढून.’

मी यकृताचा विषय पुन्हा काढला. आजींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि त्या दोनांवर आल्या. मी अजून शून्यावर आहे. पिंजऱ्यातला तिसरा पक्ष मधूनमधून आपली मागणी मांडतो, आणि त्याचा आकडा आम्हा दोघांच्याही आकड्यापेक्षा बराच मोठा असतो.