पाण्याचा पूल, पुलाखाली पाणी

जलसेतू म्हणजे मुळात नळजोडणी, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कोणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर "गच्चीवरच्या टाकीपासून मोरीपर्यंत तुमचा पाइप कसा कसा गेलाय, जरा दाखवता का?" असे आपण विचारत नाही, आणि यजमानाने हौसेने दाखवलाच तर त्या घरी पुन्हा जात नाही. पण तोच पाइप दगडाचा निघाला, त्याच्या पोटाखाली कमानी असल्या आणि बांधणारे गवंडी बिल मागण्याच्या पलीकडे गेलेले असले, की माणसे अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून तो पाहायला जातात. पेरू देशातल्या कुस्को शहरातला सपांतियानाचा जलसेतू हे याचे नामी उदाहरण. इंकांचे राज्य बुडवून स्पॅनिश लोक 1533 साली या शहरात शिरले, त्यानंतरच्या त्यांच्या अमदानीतले हे बांधकाम. सान ब्लास वस्तीच्या कडेने चोकेचाका नावाची अरुंद गल्ली चढत जाते, तिच्या वरच्या अंगाला ते उभे आहे. कुस्कोची उंची सुमारे 3,400 मीटर. दोन कळसूबाई एकमेकींच्या डोक्यावर उभ्या केल्या तरी शंभरेक मीटर कमीच पडतात. हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश. त्यामुळे गल्लीच्या मध्यावर येताच प्रत्येक प्रवासी थांबून कुठल्या तरी दाराची चौकट फार बारकाईने न्याहाळू लागतो. वास्तुकलेची ही आवड श्वास जागेवर येताच ओसरते.

वर पोचल्यावर एक चिंचोळी घळ लागते. तिच्यात आडवी उभी केलेली ओबडधोबड दगडांची भिंत, आणि त्या भिंतीत एकावर एक रचलेल्या लहानमोठ्या कमानी. मापे एकसारखी नाहीत. जिथे जशी जागा सापडली तिथे तशी कमान बसवली आहे, चाळीत पोटमाळे काढावेत तशी. खालच्या कमानींतून ओढा उड्या घेत उतरतो. प्रवासी या ओढ्याचा व्हिडिओ काढतो आणि घरच्या मंडळींना कळवतो, "बघा, इतक्या वर्षांनंतरही पाणी वाहतंय!" वाहतेय खरे, पण ते पुलाखालचे पाणी; पुलाचे नव्हे. पुलाचे पाणी माथ्यावरच्या पन्हळीतून जावे म्हणून तर हा सगळा खटाटोप केला होता, आणि ती पन्हळ खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. वरातीला जाऊन घोड्याचे फोटो काढून परतावे आणि नवरदेव छान होता म्हणून सांगावे, त्यातलाच हा प्रकार. त्यात प्रवाशांची झुंबड उडते ती जूनच्या आसपास, 24 जूनला इंकांचा सूर्योत्सव साजरा होतो म्हणून. कुस्कोत ते कोरडे दिवस. पाऊस पडतो नोव्हेंबर ते मार्चमध्ये. म्हणजे पाण्याचे बांधकाम पाहायला माणसे नेमकी पाणी आटल्यावर येतात. क्वेचुआ भाषेत 'सपान' म्हणजे एकटा आणि 'तियाना' म्हणजे बसायची जागा. एकट्याने बसायच्या या जागेवर आज प्रत्येक जण बाकीचे चौकटीतून कधी हलतात याची वाट पाहत उभा असतो.

आता माझे म्हणणे असे, की यात प्रवाशाच्या अडाणीपणाचा दोष कमी आणि जलसेतूच्या स्वभावाचा जास्त. जलसेतू ही पाण्याची सोय असली तरी ती पाणी सोडून बाकी सगळे दाखवते: दगड, कमान, उंची, खर्च. पाणी मात्र सोवळ्यातल्या आजीबाईंसारखे कोणाला न शिवता वरच्या वर निघून जाते. इंकांची रीत नेमकी उलटी होती. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर तांबोमाचाय येथे घोटीव दगडांच्या भिंतीतून झरा पडतो, खाली येताना त्याच्या दोन धारा होतात. दोन बाटल्या धरल्या तर एकाच वेळी भरतात, असे गाइड सांगतात. पण ते पाणी भिंतीपर्यंत आले कुठून आणि कसे, याचा पत्ता बांधकाम लागू देत नाही. धार समोर, पाट लपलेला. माचू पिच्चूला तर हिशेबच उपलब्ध आहे. तिथला पाट 749 मीटर लांब, डोंगराच्या कुशीने हलक्या उतारावर आणलेला, आणि त्यावर एकाखाली एक सोळा कारंजी. या पाटाचे फोटो फारसे कोणी काढत नाही. दिसतात आणि ऐकू येतात ती कारंजी. त्यातले पहिले राजाच्या निवासाला लागून आहे, म्हणजे पहिले पाणी साहेबांच्या बंगल्याला, ही चाल सर्व खंडांत स्वतंत्रपणे सुचलेली दिसते. थोडक्यात, इंकांनी पाणी दाखवले आणि नळ लपवला. स्पॅनिशांनी नळ दाखवला आणि पाणी लपवले.

यावर कोणी म्हणेल, घळ आडवी आली तर दुसरे काय करायचे? पाण्याला उडी मारता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे, इतका की त्यापुढे थोडे नमते घ्यायला हवे. कमान हा नुसता डौल नाही. घळीत सलग भिंत घातली असती तर तिचे धरण झाले असते आणि पहिल्याच पावसाळ्यात ओढ्याने ते शहरात नेऊन टाकले असते. कमानीमुळे दगड वाचतो आणि ओढ्यालाही वाट मिळते. शिवाय इंकांना खरी कमान ठाऊकच नव्हती. त्यांची दारे-खिडक्या खाली रुंद, वर निमुळत्या, माथ्यावर एक आडवा दगड. दरी ओलांडायची तर ते गवताच्या दोरांचे झुलते पूल बांधत. आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका आजही दर वर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. माणसे दोरावरून हेलकावे खात जाऊ शकतात. पाण्याला तसे नेले तर पलीकडे दोरच पोचतो.

पण कमानीचे कौतुक कोणी कोणाला सांगितले, हेही पाहायला हवे. होसे दे आकोस्ता नावाच्या जेझुइट पाद्र्याने 1590 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हाउहाच्या नदीवरच्या दगडी पुलाची गोष्ट दिली आहे. पूल पुरा झाल्यावर कमानीखालचे सेंटरिंग काढू लागले तशी तिथली माणसे पळत सुटली, आता सगळा पूल कोसळणार म्हणून. तो कोसळला नाही, स्पॅनिश लोक वरून चालू लागले, तेव्हा तिथला मुखिया म्हणाला, हे तर सूर्याचे पुत्र दिसतात, यांची चाकरी करणे योग्यच. गोष्ट सुरेख आहे, फक्त ती ठेकेदाराच्या बाजूच्या माणसाने लिहिली आहे. सेंटरिंग काढताना लांब उभे राहणे हे भाबडेपणाचे लक्षण असेल, तर आपल्याकडचे एकजात सगळे अनुभवी गवंडी भाबडे ठरतील. तरी त्या गोष्टीतून एक सुटत नाही: कमान पाणी किंवा माणसे पलीकडे नेतेच, पण बघणाऱ्याला आपण कोणाच्या राज्यात उभे आहोत हेही सांगते. सपांतियानाच्या कमानींकडेही मी याच नजरेने पाहतो. पन्हळ कोरडी पडली तरी हे दुसरे काम चालू राहते.

दुसरा आक्षेप जास्त खोचक आहे. इंका काय मिरवत नव्हते? आतुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड, साक्सायवामानचे शंभर टनांच्या पुढचे धोंडे, हे काय विनयाचे नमुने? मुळीच नाहीत. इंकांना दिखाव्याची हौस दांडगी होती, पण ती त्यांनी भिंतींवर भागवली. पाण्याच्या बाबतीत ते वेगळे वागले. कुस्कोच्या साफी आणि तुल्युमायो या दोन नद्या त्यांनी दगडी काठ बांधून शहरातून नेल्या. शहराचा आराखडा प्यूमाच्या आकाराचा, अशी समजूत आहे. त्या प्यूमाच्या शेपटीपाशी, पुमाचुपान येथे, त्या एकत्र येतात. नंतरच्या काळात याच नद्यांवर रस्ते पसरले. आज त्या शहरात आहेत, पण फरशीखाली. चोकेचाका या नावातला 'चाका' म्हणजे पूल. आता गल्लीला पुलाचे नाव आहे, पूल नाही आणि नदीही दिसत नाही. याच शहरात नदी गटारासारखी झाकली आणि नळ देवासारखा उंचावर बसवला. परदेशी पाहुणा येतो तो नळाच्या पाया पडून जातो.

हा कुस्कोचाच गुण आहे असेही नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले ते जमिनीखालून, मधूनमधून उच्छ्वास ठेवून. पुणेकरांना त्याचा अभिमान आहे, पण तो नळ डोळ्यांनी पाहिलेला पुणेकर शोधावा लागतो. अर्थात अभिमानासाठी पाहावे लागते असे पुण्यात कोणी म्हणणार नाही. नानासाहेबांनी बाजीराव रस्त्यावर चार कमानी काढल्या असत्या तर आज तिथे सेल्फीसाठी रांग आणि पार्किंगवरून भांडणे असती.

म्हणून सपांतियानाला जाऊ नये असे नाही. जावेच, पण मान वर करून माथ्यावरची रेघ पाहावी, कमानी आपोआप दिसतात. आजच्या कुस्कोच्या पाण्याचा मोठा हिस्सा चिंचेरोजवळच्या पिउराय सरोवरातून येतो, पाइपांतून, आणि त्या पाइपांच्या शेजारी उभे राहून कोणी फोटो काढून घेत नाही. जलसेतू पाहून घसा कोरडा पडलेला प्रवासी गल्ली उतरतो, नळाचे पाणी पिऊ नका असे सगळ्यांनी बजावलेले असल्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली विकत घेतो आणि तुल्युमायो रस्त्यावर टॅक्सीला हात करतो. त्याच्या बुटांच्या काही हात खाली तुल्युमायो नदी पुमाचुपानकडे निघालेली असते.