षटकोनांचा संसार

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पनेतल्या साहसांचा खेळ आणला, तेव्हा रानावनातल्या भटकंतीसाठी वेगळा नकाशा काढायच्या भानगडीत ते पडले नाहीत. अ‍ॅव्हलॉन हिलच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या खेळाचा षटकोनी घरांचा पट वापरा म्हणाले, झालं काम!

खेळ चालवणारा आजचा सँडबॉक्सवाला डन्जन मास्टर मात्र षटकोनागणिक टिपण काढतो, सरदाराच्या सात पिढ्या लिहितो, वर रंगीत खुणा. खेळाडूंना वाट्टेल तिकडे जायची मुभा, म्हणून तयारीही वाट्टेल तेवढी. (नोकरी सांभाळून, म्हणे.) मंडळी येतात, पहिल्याच खानावळीत बूड टेकतात आणि वाढप्याचं नाव विचारतात. नेमकं तेवढंच लिहायचं राहिलेलं. घाईघाईत फासे टाकून बारसं झालेला तो वाढपी पुढे सगळ्यांच्या गळ्यातला ताईत होतो. सरदार फायलीतच म्हातारा होतो.